एका रुपयाचे तीन जीव

गेल्या पावसाळ्यात, नववीच्या वर्गावर मराठीचा तास चालू असता, शेवटच्या बाकावरून आम्ही एक फोन जप्त केला. शाळेत फोन आणावयाचा नाही हा नियम आहे, आणि तो योग्य आहे याविषयी आमच्या मनात तेव्हा संदेह नव्हता व आजही नाही. परंतु फोन मेजाच्या खणात टाकण्यापूर्वी आमची नजर त्याच्या पडद्यावर गेली आणि क्षणभर आम्ही वर्ग विसरलो. काळ्या भूमीवर निळ्या रेषांचा चक्रव्यूह, त्याच्या बोळांतून ओळीने मांडलेली टिंबे, तोंडाची उघडझाप करीत ती टिंबे गिळत सुटलेला एक पिवळा गोळा, आणि त्याच्या पाठीस लागलेली चार रंगांची चार भुते! हा गृहस्थ आमच्या जुन्या ओळखीचा होता. इतक्या वर्षांनी, इतक्या लहान चौकटीत आणि तेही स्वतःच्याच वर्गात त्याची गाठ पडेल असे आम्हांस वाटले नव्हते.

१९८६ च्या सुमारास आम्ही स्वतः आठवीत होतो. खडेबाजारालगतच्या एका गल्लीत, एका दुकानाच्या मागल्या अंधाऱ्या खोलीत, कपाटाएवढी दोन यंत्रे उभी होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आमची पावले घराकडे न वळता तिकडे वळत. एका रुपयाचे नाणे फटीत टाकावयाचे; त्याबद्दल पिवळ्या गोळ्याचे तीन जीव मिळत. तीन जीव गेले की डाव संपला. एक रुपया म्हणजे आमच्या आठवड्याच्या खाऊचा निम्मा वाटा. त्यामुळे दुसरा डाव हा विचारही मनास शिवत नसे. बहुतेक वेळ आम्ही खेळत नसू, पाहत असू. यंत्राच्या काचेच्या कडेला आपले नाणे मांडून ठेवले की पाळी नोंदली जाई, आणि ती येईपर्यंत खेळणाऱ्याच्या खांद्यावरून आठदहा डोकी त्यास सल्ला देत, "अरे वर जा, वर! डावीकडे लाल आहे!" खेळणारा एक आणि घाम सर्वांस, असा तो प्रकार होता. वडिलांना हे कळले तेव्हा काय झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही.

या खेळाचे नाव 'पॅक-मॅन'. वाचकांपैकी जी मंडळी आजोबा-आजी झाली आहेत त्यांच्यातील कित्येकांनी तो पाहिला असेल. जी मुले आहेत त्यांस तो कालपरवाचाच वाटेल. वस्तुतः तो १९८० साली जपानात, टोकियो येथील 'नामको' या संस्थेत जन्मास आला. त्याचा कर्ता तोरू इवातानी हा तेव्हा अवघा २५ वर्षांचा तरुण होता. त्या काळी खेळयंत्रांच्या दुकानांत गोळीबाराच्या खेळांचे राज्य होते. १९७८ साली निघालेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळाने तर जपानला वेड लावले होते, आणि त्यातही आकाशातून उतरणाऱ्या शत्रूंवर गोळ्या झाडणे हाच काय तो उद्योग. मुली व स्त्रिया या दुकानांकडे फिरकत नाहीत, त्या का फिरकत नाहीत, याचा इवातानी यांनी विचार केला आणि मारण्याऐवजी खाणे हा विषय घेतला. जपानी भाषेत तोंडाच्या उघडझापेला 'पाकुपाकु' म्हणतात, आपण 'गपागप' म्हणतो तसे. त्यावरून मूळ नाव 'पक-मॅन' असे पडले. अमेरिकेत जाताना मात्र ते बदलावे लागले. कारण इंग्रजीत त्या नावाच्या पहिल्या अक्षराशी द्वाड मुले चाळा करतील आणि भलताच शब्द तयार होईल, अशी तेथील विक्रेत्यांस धास्ती वाटली. ही धास्ती रास्त होती असे, शाळेच्या भिंती रोज वाचणारे शिक्षक या नात्याने, आम्ही सांगू शकतो.

खेळाची रचना दिसावयास पोरकट आहे. चक्रव्यूहात २४० टिंबे व चार कोपऱ्यांकडे चार मोठ्या गोळ्या. टिंबास १० गुण, गोळीस ५०. गोळी गिळली की काही सेकंद भुते निळी पडतात, पळू लागतात, आणि जो भक्ष्य होता तो भक्षक होतो. आपल्या शिवाशिवीच्या भाषेत बोलावयाचे तर राज्य उलटते. अशा वेळी पहिल्या भुताबद्दल २००, दुसऱ्याबद्दल ४००, मग ८००, मग १६०० गुण मिळतात. आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनी भूमितीय श्रेढीचे उदाहरण म्हणून याचा उपयोग करावयास हरकत नाही.

पण खरी गंमत पाठलागाच्या नियमांत आहे. ही भुते वाटेल तशी धावत नाहीत. एकदा एका दिशेने निघालेले भूत आपल्या मनाने उलट फिरू शकत नाही. पुढल्या वळणावरच त्याने डावे-उजवे करावयाचे. खो-खोत धावणाऱ्याने एकदा दिशा घेतली म्हणजे खांब गाठेपर्यंत त्यास मागे वळता येत नाही, हे आपल्याकडील लहान मूलही जाणते. अगदी तीच ही गोष्ट. पळणारा गडी कसलेला असेल तर तो धावणाऱ्याच्या याच बंधनाचा लाभ घेतो, त्याला जवळ येऊ देतो आणि ऐन वेळी हुलकावणी देऊन निसटतो, येथेही तसेच. शिवाय भुतांचा पाठलाग अखंड नसतो. पहिल्या फेरीत सुरुवातीस ती सात सेकंद आपापल्या कोपऱ्यात जातात, मग वीस सेकंद पाठीस लागतात, पुन्हा सात सेकंद माघार, पुन्हा वीस सेकंद पाठलाग. माणसास श्वास घेण्यास फुरसत द्यावी, हे त्या कर्त्यास सुचले. पिवळा गोळा मोकळ्या वाटेवर पहिल्या फेरीत भुतांहून किंचित जलद असतो, परंतु टिंबे खाताना त्याची चाल मंदावते व भुते त्यास गाठू लागतात. दोन्ही बाजूंच्या भुयारी वाटांत मात्र भुतांचाच वेग पडतो, म्हणून संकटात भुयार जवळ करावे. हे सर्व कोठे छापलेले नव्हते. खोलीतल्या आठदहा डोक्यांनी, एकेका रुपयाच्या खर्चाने, त्यातले निम्मेशिम्मे ज्ञान आम्ही मिळविले होते.

असो. तो फोन आमच्या खणात पडला आणि नियमाप्रमाणे, 'पालकांना घेऊन ये' असे सांगून, आम्ही मुलास घरी पाठविले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्याची आई दाराशी येऊन उभी राहिली. फोन मुलाचा नव्हताच, तिचा होता. त्या बाई घरी पापड, लोणची, चटण्या करून विकतात आणि गिऱ्हाइकांच्या मागण्या त्या फोनवर येतात. "मुलाला काय शिक्षा द्यायची ती द्या की सर, फोन तेवढा आजच्या आज द्या. काल सांजच्यानं एका लग्नघरची आर्डर गेली," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते. आम्ही फोन दिला. नियम पाळण्याच्या भरात कोणाचा रोजगार आपण खणात कुलूपबंद करून ठेवला आहे, हा विचार रात्रभरात आमच्या मनात एकदाही आला नव्हता. एका घरी तीन मुले व एक फोन; तोच धंद्याचा, तोच अभ्यासाचा आणि तोच खेळाचा. आमच्या शाळेत अशी घरे थोडी नाहीत. २०२० साली साथीच्या दिवसांत शाळा बंद पडल्या तेव्हा आम्हीच पालकांना सांगून असे फोन घ्यावयास लावले होते, हेही या ठिकाणी नमूद केले पाहिजे.

शिक्षा तर द्यावयाची होती. आम्ही मुलास म्हणालो, "ज्या खेळासाठी तू माझा तास बुडविलास त्यावर मला निबंध लिहून आण. मराठीत. इंग्रजी शब्द शक्य तेवढा नको." हा मुलगा वर्षभरात निबंधाच्या वहीत साडेतीन ओळींच्या पुढे गेला नव्हता. 'माझा आवडता ऋतू' हा विषय दिला असता त्याने 'पावसाळा. कारण सुट्टी मिळते.' असे लिहून वही मिटली होती. चार दिवसांनी त्याने सहा पाने आणून दिली.

त्या सहा पानांत चारी भुतांचे स्वभाव होते. लाल भूत तू असशील तेथे सरळ येते, म्हणून त्याचे नाव त्याने 'वसुलीवाला' ठेविले होते. गुलाबी भूत तुझ्या मागे न लागता तू जेथे पोहोचणार तेथे, चार घरे पुढे, जाऊन उभे राहते, ते 'आडवा'. निळसर भूत एकटे असता काय करील याचा नेम नाही, पण लाल जवळ आला की दोघे मिळून कोंडी करतात. ते 'लाल्याचा जोडीदार'. आणि नारिंगी भूत दूर असले की धावत येते, अगदी जवळ आले की घाबरून आपल्या कोपऱ्याकडे पळते. त्याचे नाव 'खुळं'.

आम्ही चकित झालो ते पुढे, या खेळाविषयी वाचू लागलो तेव्हा. जपानी भाषेत इवातानी यांनी भुतांना स्वभावावरून जी नावे दिली आहेत त्यांचे अर्थ अनुक्रमे असे: पाठलाग करणारा, दबा धरणारा, लहरी, आणि वेड पांघरणारा. जपानीचा एक शब्द न जाणणाऱ्या बेळगावच्या पोराने केवळ डोळ्यांनी पाहून तीच माणसे ओळखली होती. निळसर भुताच्या पोटातील हिशेब तर भूमितीचा आहे: पिवळ्या गोळ्याच्या दोन घरे पुढे एक बिंदू धरावयाचा, लाल भुतापासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढावयाची, ती तेवढीच पुढे वाढवावयाची, आणि जेथे ती टेकेल तिकडे निघावयाचे. म्हणून लालवाचून त्याचे चालत नाही. मुलास रेघ माहीत नव्हती. परंतु 'जोडीदार' हा शब्द अचूक होता.

रस्त्यावर कानडी, दूरदर्शनवर हिंदी, फोनच्या पडद्यावर इंग्रजी, आणि या सर्वांतून वाट काढून घरी व शाळेत मराठी: आमच्या सीमाभागातील मुलाची ही नित्याची स्थिती आहे. त्यास मराठी लिहिता येत नाही अशी ओरड आपण सर्व करतो, त्यात आम्हीही आलो. लिहिता येत नाही की लिहावेसे वाटेल असे काही आपण त्यास विचारीत नाही, याचा निवाडा त्या सहा पानांनी निदान आमच्यापुरता केला.

इतके सांगितल्यावर, फोनवर खेळणे ही उत्तम गोष्ट आहे असे आमचे मत असावे असा समज कोणी करून घेईल. तसे नाही. शिक्षकखोलीत हा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की, डोळे, झोप आणि वेळ या तिन्हींचा नाश करणाऱ्या वस्तूची बाजू एका शिक्षकाने घ्यावी याचे त्यांस दुःख होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा आम्हीच आहोत. फोन परत दिल्यावर त्याच रात्री आम्ही आमच्या फोनवर हा खेळ उतरवून घेतला. पाच मिनिटे पाहू म्हणून बसलो ते रात्री साडेबारास घरातून आवाज आला तेव्हा उठलो. चाळीस वर्षांपूर्वी जो मुलगा एका रुपयात घरी परतत असे त्यास पन्नाशी उलटल्यावर उठता का येऊ नये? या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला.

खेळ बदललेला नाही. मूळ यंत्राचा पडदा रुंदीस २२४ व उंचीस २८८ ठिपक्यांचा, म्हणजे उभा होता. तो हातात उभ्या धरलेल्या फोनवर जणू मापाने बसतो. एक उणीव आहे ती दांडीची. चार दिशांस कट्‌कन वळणारी ती दांडी मुठीत धरली की वळण हाताला कळत असे. काचेवर बोट घासताना काही कळत नाही, आणि बोटाखाली नेमके भूत झाकले जाते. परंतु हे सवयीने जमते. बदलले आहे ते खेळाभोवतीचे सर्व काही. फटीत नाणे नाही, काचेच्या कडेला दुसऱ्याचे नाणे नाही, आणि खांद्यावर कोणाचे डोके नाही. पूर्वी तिसरा जीव गेला की मागून कोणी तरी म्हणे, "सर बाजूला, माझी पाळी." आता तिसरा जीव गेला की पडद्यावर प्रश्न येतो: एक जाहिरात पाहतोस का? पाहिलीस तर आणखी एक जीव. ती संपते न संपते तो दुसरी. काही खेळांत जीव पैशांनीही विकत मिळतो. नाण्याच्या यंत्राचा मालक काही संत नव्हता. मुलाने लवकर मरावे आणि दुसरे नाणे टाकावे हीच त्याची इच्छा. पण त्याचा व्यवहार उघड होता. रुपया दिला, तीन जीव घेतले, खिसा रिकामा झाला, घरी गेलो. आज खिसा रिकामा होत नाही म्हणून मूल उठत नाही, आणि त्याच्या बदल्यात ते काय देते आहे ते त्यास दिसत नाही.

आणि हा खेळ मुळात संपणारा नव्हे. चक्रव्यूह तोच, टिंबे तीच. फेरीमागून फेरी वेग वाढत जातो, भुते निळी राहण्याचा काळ घटत जातो, आणि एकोणिसाव्या फेरीपासून ती निळी होतच नाहीत. कर्त्याने शेवट लिहिलाच नाही. तरीही तो २५६ व्या फेरीस संपतो, आणि तोही चुकीने. त्या यंत्रात फेरीचा आकडा ज्या घरात ठेवीत त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५६ व्या फेरीस फळांची चित्रे काढणाऱ्या भागाचा हिशेब कोलमडतो, सातआठ चित्रांच्या जागी तो २५६ चित्रे काढावयास धावतो, आणि पडद्याची उजवी बाजू अक्षरे व आकड्यांच्या राड्याने भरून जाते. तेथे पुरेशी टिंबेच उरत नाहीत, म्हणून फेरी पुरी होत नाही. अभिमन्यूचीच गत. न्यू यॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली हा खेळ आपल्या संग्रहात घेतला तो या चुकीसह की कसे, हे विचारण्याचा मोह होतो.

तेव्हा आमचे मत असे. मुलांच्या हातून फोन काढून घेणे सोपे आहे. परंतु तो बहुधा त्यांच्या आईचा असतो. खेळ बंद करा असे सांगणे त्याहून सोपे, आणि ते कोणी ऐकत नाही. करावयाचे ते नाण्याचे काम, आता नाणे नाही म्हणून, हाताने केले पाहिजे. तीन जीव म्हणजे तीन जीव. जाहिरात पाहून मिळणारा चौथा जीव नाकारावयाचा, मग डाव कितीही रंगात असो. आमच्या घरी आम्ही हे सुरू केले आहे आणि पहिले पंधरा दिवस ते आम्हांसच सर्वांत जड गेले. दुसरे, खेळावयाचे तर कोणास शेजारी बसवून. धाकटी बहीण असो की आजोबा, पाळी मागणारे कोणी तरी हवे. आणि आम्हां शिक्षकांस एक सांगणे: जप्त केलेल्या वस्तूंकडे खणात टाकण्यापूर्वी एकदा पाहावे. मुलाचे चित्त पुस्तकातून जेथे गेले तेथे काय होते ते तरी कळते. ज्येष्ठ सहकाऱ्यांस हे तिसरे अजून पटलेले नाही; वाद चालू आहे, आणि खो-खोचा दाखला दिल्यापासून आमच्या क्रीडाशिक्षकांनी आमची बाजू घेतली आहे.

त्या निबंधासंबंधी एक गोष्ट सांगावयाची राहिली. गुलाबी भुताच्या पानावर मुलाने लिहिले होते: 'आडवा चार घरे पुढे जातो. पण मी तोंड वर करून चाललो की तो नीट पुढे न जाता डावीकडे सरकतो. का ते कळत नाही.' हे आम्हांस अर्थहीन वाटले. इतर तीन दिशांना एक नियम आणि चौथीला दुसरा, असे कसे असेल? आम्ही त्या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढून समासात 'निरीक्षण तपासा' असे लिहिले. पुढे दिवाळीच्या सुट्टीत वाचताना समजले की मूळ यंत्राच्या आज्ञावलीतच ती चूक आहे: गोळ्याचे तोंड वर असता 'चार घरे वर' या हिशेबात 'चार घरे डावीकडे' हेही मिसळते. १९८० साली टोकियोत झालेली ती चूक, त्या फोनवरील खेळात जशीच्या तशी उतरली होती, आणि ती आमच्या शेवटच्या बाकावर पकडली गेली होती.

सुट्टीनंतर आम्ही त्याची वही मागवून घेतली, रेघ खोडली आणि समासात खाली सही केली. त्याने ती पाहिली, वही मिटली आणि म्हणाला, "मग बरोबर होतं की सर."